घरच्यांना कळवायचं नाही

चिमणाबाई सकाळपासून फोनसमोर बसून होत्या. फोन देव्हाऱ्याच्या कट्ट्याला टेकवून ठेवायला फोनवरच्या माणसानंच सांगितलं होतं. पडद्यावर खाकी वर्दीतला साहेब, मागं भिंतीवर झेंडा. तुमच्या आधार कार्डावर मुंबईत खातं उघडलंय, त्यातून गुन्ह्याचा पैसा फिरलाय, तुम्हाला फोनवरच अटक झालीय, असं तो म्हणाला होता. चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.

चिमणाबाईंचे मालक पिराजी पोलिसात हवालदार होते. ते जाऊन काही वर्षं झाली, पण खाकी वर्दी बघितली की चिमणाबाईंना अजून घरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. म्हणून प्रत्येक प्रश्नाला त्या खरं उत्तर देत गेल्या. पेन्शन कुठं जमा होते, ठेव कुठल्या बँकेत आहे, घरात कोण असतं. मंगळवार पेठेतल्या या घरात त्या एकट्याच. लेक संयोगिता सांगलीला.

स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला.

"साहेब, गॅस तेवढा बंद करून येऊ?"

"फोन घेऊन जा. कॅमेरा चालू ठेवा."

गॅस बंद केला. परत येऊन बसल्या, पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या.

"ठेव मोडून पैसे तपासणीसाठी आमच्या खात्यात भरायचे," साहेब म्हणाला. "निर्दोष ठरलात की परत मिळतील. आता बँकेत चला. फोन चालूच ठेवून पिशवीत ठेवायचा."

"एकटी कशी जाऊ? लेकीला बोलावतो की."

"घरच्यांना कळवायचं नाही. मुलीला सांगितलंत तर तिलाही आत घेऊ."

चिमणाबाई पिशवी शोधायला वळल्या आणि तिथंच थांबल्या. कुणालाही कोठडीत घातलं की पिराजी आधी त्याच्या घरी निरोप धाडायचे. माणूस चोर असू दे, दरोडेखोर असू दे. कितीतरी वेळा ताटावर बसता बसता म्हणाले होते, त्याच्या आईला सांगून आलो.

"साहेब, अटक केली की घरच्यांना कळवावं लागतंय. आमचे मालक खात्यातच होते."

"जास्त शहाणपणा नको. गाडी पाठवू का?"

"नको. मीच येतो ठाण्यात," म्हणून त्यांनी फोन कट केला.

तो लगेच वाजला. परत वाजला. रस्ताभर पिशवीत वाजत राहिला. खरंच गुन्हा असला तर, या विचारानं त्या मध्येच उभ्या राहायच्या, मग भराभर चालू लागायच्या.

ठाण्यात उदयसिंह नावाचा तरुण पोलीस होता. चिमणाबाईंनी बसायच्या आधीच विचारलं, "मला अटक झालीय का, तेवढं बघून सांगा."

सगळं ऐकून त्यानं मान हलवली. "मावशी, फोनवर अटक नसतीच. पोलीस व्हिडिओवर कोंडून ठेवत न्हाईत, पैसे मागत न्हाईत. काही पाठवलं काय?"

"न्हाय. पर सगळं सांगून बसलो की."

त्यानं त्यांना तिथूनच बँकेला फोन लावून व्यवहार थांबवायला लावले. "असा फोन आला की आधी कट करायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर कळवायचं."

परतताना हे सांगायला त्या तडक शेजारच्या पवित्राअक्कांकडं गेल्या. भर दिवसा अक्कांचं दार बंद होतं. आतून पुरुषाचा दबका आवाज येत होता.

"अक्का?"

"नंतर ये चिमणा," आतून अक्का कुजबुजल्या. "काम चाललंय."

चिमणाबाईंनी दारावर थापा मारल्या. "फोनवर पोलीस हाय काय? अक्का, मी आत्ता ठाण्यातनं आलो. दार उघड."

"दार उघडू नका," पुरुषाचा आवाज चढला.

"अमरेशला सांगितलंस काय?" अमरेश हा अक्कांचा मुलगा, पुण्याला नोकरीला.

"सांगायचं न्हाय म्हणतात."

"मग ते पोलीस न्हाईत."

कडी निघाली. अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एकदा पैसे पाठवलेत गं," एवढंच त्या म्हणाल्या.

चिमणाबाईंनी तो फोन कट करून १९३० लावला. घाईत आकडे दोनदा चुकले. पलीकडच्या बाईनं शांतपणे एकेक गोष्ट विचारून घेतली. त्यानंतर अमरेशला लावायचं म्हटल्यावर अक्का हात मागं घेऊ लागल्या. "तो काय म्हणंल?"

"म्हणू दे," म्हणत चिमणाबाईंनी फोन त्यांच्या कानाला लावला.

अमरेश त्याच दिवशी निघून आला. थोडे पैसे वाटेत अडवता आले, बाकीचे गेले. तो आईला एका शब्दानं बोलला नाही.

अजूनही अनोळखी नंबर वाजला की चिमणाबाई तो उचलत नाहीत. त्या फोन आत वाजत ठेवतात आणि बाहेर गल्लीत, माणसांत जाऊन उभ्या राहतात.