पाचव्या वर्षाचा कोरा रकाना

मी लशींची वही बोलतेय. वही म्हणायचं ते घरच्यांच्या तोंडी बसलं म्हणून. खरं तर मी चार पानांची, जाड कागदाची एक घडी आहे. वरच्या पानावर नाव आणि जन्मतारीख, आत नुसते रकाने. ज्या मुलीच्या नावाने मी सुरू झाले, तिला सगळे मुंगी म्हणत. ती एका जागी पाच मिनिटं टिकेल तर शपथ!

छापखान्यातून आम्ही शंभरजणी एका गठ्ठ्यात दवाखान्यात आलो. तिथल्या सिस्टर डावखुऱ्या होत्या. लिहिताना त्यांचा तळवा ओल्या शाईवरून जायचा, त्यामुळे माझी पहिलीच तारीख जरा फरफटलेली आहे. "दीड महिन्याने या. विसरलात तर मी घरी येईन हं," असं त्या प्रत्येक आईला दम दिल्यासारखं सांगायच्या. मुंगीची आई कधी विसरली नाही.

आई शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. वर्गातल्या पुस्तकांना घालतात तसं तिने मलाही खाकी कव्हर घातलं, त्यावर गोल अक्षरात मुंगीचं नाव लिहिलं आणि कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली ठेवलं. दर डोसाला मी बाहेर यायचे, एक शिक्का घ्यायचे आणि परत झोपायचे. सुखाचं आयुष्य होतं माझं.

मुंगी चार वर्षांची झाली तेव्हा तिचे बाबा परदेशी गेले. तिकडे एका शीतगृहात त्यांना काम मिळालं होतं. दीड वर्षाने या दोघींचाही व्हिसा आला. घरात नुसती धांदल उडाली. आईला शाळेत वर्ग सोपवायचा होता, कागद गोळा करायचे होते. तशात तिला माझी आठवण झाली. मला आप्पांच्या हातात देत ती म्हणाली, "आप्पा, मुंगीचा पाच वर्षांचा डोस तेवढा उरकून आणा. तिकडे शाळेत घालताना मागतील."

आप्पा म्हणजे आईचे वडील. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी मला शर्टाच्या खिशात घातलं, मुंगीला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात रांग होती. आतून कुणाच्या तरी लेकराचं भोकाड ऐकू आलं आणि मुंगीने आप्पांचा शर्ट गच्च धरला.

"आप्पा, आज नको."

"अगं, मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त. आणि मुंगीला मुंगी काय चावणार?"

ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आप्पा, तुम्हीपण येणार ना विमानातून?"

"येणार तर! सायकल घेतात का विमानात, तेवढं विचारून बघतो."

आमचा नंबर पुकारला. आप्पा तिला कडेवर घेऊन उठले, दारापर्यंत गेले. मुंगीने आवाज न करता रडायला सुरुवात केली होती. तिची हनुवटी माझ्यावर टेकली होती म्हणून मला कळलं. आप्पा दारातच थांबले, मग वळले आणि तिला तसंच घेऊन मागच्या अंगणातल्या बाकावर जाऊन बसले.

बराच वेळ ते तिच्या पाठीवर हात फिरवत होते. मग त्यांनी मला उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि पेन पाचव्या वर्षाच्या रकान्यावर धरलं. नीब टेकलंच असतं. पण त्यांनी टोपण परत लावलं. "नको," ते स्वतःशीच पुटपुटले.

घरी गेल्यावर "झालं," म्हणाले. आईने मला न उघडताच फाइलमध्ये सरकवलं. आप्पांवर तिचा तेवढा विश्वास होता.

नव्या देशात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. खिडकीतून समोरच्या शाळेचं फाटक दिसायचं. सकाळी फाटक उघडायच्या आधीच मुंगी मोजे घालून खिडकीशी उभी राहायची. मुलं आत गेली, फाटक बंद झालं, की मोजे काढून ठेवायची. शाळेला लागणारे घराचे कागद हाती यायलाच दोन महिने गेले.

शेवटी बाबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि तिघंही शाळेच्या ऑफिसात गेली. टेबलापलीकडच्या बाईंच्या चष्म्याला साखळी होती. त्यांनी जन्माचा दाखला पाहिला, घराचा करार पाहिला, जुन्या शाळेचा दाखला पाहिला. मग मला हातात घेतलं, आधी उलटं धरलं, मग सुलटं. त्यांचं बोट एकेका शिक्क्यावरून खाली येऊ लागलं. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण कोऱ्या रकान्यावर टेकलेलं बोट कुठल्याही भाषेत कळतं.

"पाच वर्षांचा डोस दिसत नाही म्हणतायत," बाबा म्हणाले. "त्याशिवाय घेता येणार नाही. पंधरा दिवस जागा राखून ठेवतो म्हणाल्या. नाहीतर मग पुढच्या सत्रात."

"झालाय की! आप्पांनी नेलं होतं."

"मग लिहिलेलं का नाही?"

आईला त्या बाईंना पुष्कळ सांगायचं होतं. आपणही शाळेतल्याच, अकरा वर्षं आपण अशीच मुलं वर्गात घेतली, कागद अपुरे असले की आपणही असंच बोट ठेवत होतो. पण तिला त्या भाषेतले दोनच शब्द येत होते, "हो" आणि "आभारी आहे". तिने ते दोन्ही म्हटले आणि मला उचललं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "एवढं काय त्यात? तूच टाक तारीख. तुझं अक्षर त्या सिस्टरपेक्षा बरं आहे."

"आणि खरी तारीख कोणती?"

"कोण विचारतंय खरी तारीख?"

"मी विचारतेय," आई म्हणाली, आणि तिने आप्पांना फोन लावला. मी तिच्या मांडीवर उघडी पडले होते.

"आप्पा, मुंगीला डोस दिला ती तारीख आठवते का हो? वहीत लिहायची राहून गेलीय."

पलीकडची दुकानातली ठोकठोक थांबली.

"पोरी," आप्पा म्हणाले, "राहिली नाही लिहायची. दिलाच नव्हता डोस."

"म्हणजे?"

"दारातनं परत आणली तिला. रडायला लागली गं. आठ दिवस राहिले होते तुम्हाला जायला. म्हटलं, आता आठ दिवसांत माझ्या हातून रडायला नको हिला."

"अहो, पण मला सांगायचं तरी! इथे पोरगी दोन महिने खिडकीशी उभी आहे. जागा जाईल तिची!"

"चुकलं माझं."

"माझ्या वर्गात कुणी असं खोटं बोललं असतं ना, तर बाहेर उभं केलं असतं मी."

"मग राहतो की उभा," आप्पा म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते खरंच उभे राहिले असावेत.

आईला हसू फुटलं. ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं आणि माझ्या पानावर दोन थेंब पडले. तिने घाईघाईने पदराने पुसले.

"कुठे बसला होतात त्या दिवशी?" तिने विचारलं.

"मागं, बाकावर. ऊन होतं छान. झोपली माझ्या अंगावर."

"ठेवू नकोस लगेच," एवढंच आप्पा म्हणाले. पलीकडून कुणीतरी दुकानात सायकलची घंटी वाजवून पाहत होतं. आई ते ऐकत बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिची पायपीट सुरू झाली. इथल्या दवाखान्यात महिन्यानंतरची वेळ मिळत होती. पण कुणी आलं नाही तर त्याची वेळ दुसऱ्याला देतात, हे तिला शेजारणीकडून कळलं. दवाखाना उघडायच्या आधी ती मुंगीला घेऊन जायची आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहायची. टेबलावरच्या माणसाने नकाराची मान हलवली की "आभारी आहे" म्हणून घरी. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्या माणसाने स्वतःच बोटाने बोलावलं.

सुई टोचणारा नर्स चांगला दाढीवाला, दांडगा गडी होता. त्याने मुंगीला विचारून, बाही वर करून, इतक्या हळुवारपणे काम उरकलं की मला आमच्या सिस्टर आठवल्या. मग त्याने माझा पाचव्या वर्षाचा रकाना भरला. अक्षर अनोळखी, भाषा अनोळखी, पण तारीख खरी. किती दिवसांचं ओझं उतरलं म्हणून सांगू!

मुंगी रडली, थोडीशी. बाहेर आल्यावर आईचा पदर ओढत म्हणाली, "आप्पांना सांगू नको हं, मी रडले ते."

"का गं?"

"ते पुन्हा मला घरी घेऊन जातील."

हे ती भीतीने म्हणाली की आशेने, मला समजलं नाही. आईलाही समजलं नसावं. ती मुंगीचा हात धरून तशीच फुटपाथवर उभी राहिली.

मुदतीला तीन दिवस उरले असताना मुंगीचं नाव शाळेत लागलं. बाबा कामावर होते, म्हणून आई एकटीच तिला घेऊन आली. चष्म्याच्या साखळीवाल्या बाईंनी रकाना पाहिला आणि हसून मान डोलावली. पालकांना वर्गापर्यंत जायची परवानगी नव्हती. एक शिक्षिका आली, मुंगीचा हात धरून घेऊन गेली. आई ऑफिसच्या काचेतून पाहत होती. अकरा वर्षं ती दाराच्या आतल्या बाजूला उभी असायची. बाहेरून ते कसं दिसतं, हे तिला त्या दिवशी कळलं असणार.

त्याच गडबडीत माझं नशीब फिरलं. बाईंनी कव्हर काढून यंत्रात माझी प्रत काढली. प्रत हुबेहूब निघाली. त्यांनी चुकून प्रतच खाकी कव्हरात सरकवून आईला दिली आणि मला फाइलीत लावलं. आईचं लक्ष काचेपलीकडे होतं.

तेव्हापासून मी इथे, लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. दोन वर्षं होत आली. घरी अजून कुणाच्या लक्षात आलं नसेल. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला कधीतरी उघडून बघा. नुसतं शिक्के मोजायला नको. पानांवर हात फिरवा. कोण कुणाला कुठवर घेऊन आलं, ते सगळं आमच्यात असतं.

परवा ऑफिसात एक मुलगी आली, वर्गाचं हजेरीपत्रक घेऊन. बाईंशी ती भराभर बोलली, इथल्या भाषेत, एकदाही न अडखळता. बाई काहीतरी म्हणाल्या आणि ती खळखळून हसली. हसणं ऐकून मी ओळखलं, ही आमची मुंगी. ती काय बोलली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. माझ्या कपाटापासून दोन हातांवर ती उभी होती.

मग ती गेली. जाताना दार हळूच, आवाज न करता ओढून घेतलं तिने. घरी असती तर आपटलं असतं.