काकांना दिसलेली बाई

अपघातात दृष्टी जाण्याआधी माझे काका लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. "आता मागे बसून नुसत्या चुका काढतो," असं ते स्वतःच हसत सांगत. मी एमआरआयचं यंत्र चालवते. आमच्या डॉक्टरांना एका अभ्यासासाठी पूर्ण अंध माणूस हवा होता, म्हणून मी काकांनाच गळ घातली.

मेंदूतल्या फॉस्फरसकडून येणारा संकेत हे यंत्र टिपतं आणि पडद्यावर उंचसखल टोकांचा आलेख उमटतो. त्यातलं सर्वांत उंच टोक म्हणजे मेंदूने राखून ठेवलेली ऊर्जा. डोळ्यांसमोर प्रोजेक्टरवरच्या काळ्यापांढऱ्या चौकटी लुकलुकल्या की डोक्याच्या मागचा, पाहण्याचं काम करणारा भाग कामाला लागतो, साठा खर्च होतो आणि ते टोक किंचित उतरतं. काकांचं ते ढिम्म हलायला नको होतं.

मी त्यांना आत झोपवलं, डोक्याखाली संकेत टिपणारी कॉइल बसवली, हातात रबरी फुगा दिला. "भीती वाटली तर दाबा."

"मला आणि अंधाराची भीती? काहीतरीच तुझं!"

पहिलं मोजमाप सरळ आलं. मग टोक उतरलं. मग चढलं, पुन्हा उतरलं. चौकटी चालू असोत की बंद, त्याला काही फरक पडत नव्हता.

"प्रोजेक्टरचा आवाज ऐकू येत असेल," डॉक्टर म्हणाले. "दृष्टी गेलेल्यांचा तो भाग कधीकधी आवाजालाही दाद देतो. प्लग काढ."

मी काढला. टोक आणखी खाली आलं.

मी माईक घेतला. "काका, ठीक आहात ना?"

"मी मजेत आहे गं. पण या बाईंना म्हणावं, एका जागी उभ्या राहा. सारख्या जवळ येतायत, लांब जातायत."

"कुठल्या बाई?"

"माझ्या पायाशी आहेत त्या. राखाडी कपडे. केस ओले दिसतायत." काका थांबले. मग त्यांचा आवाज कापरा झाला. "अगं... मला दिसतंय."

मी काचेतून पाहिलं. खोलीत काकांच्या मोज्यांपलीकडे काही नव्हतं. दार मीच बंद केलं होतं.

धावत आत जाऊन त्यांना बाहेर ओढलं. त्यांचे गाल भिजले होते आणि ते हसत होते. "कशाला काढलंस? पुन्हा आत घाल. चेहरा बघायचा राहिला की गं!"

डॉक्टरांना कॉइलमध्येच बिघाड वाटत होता. "खात्री करून घेऊ. तू झोप," ते मला म्हणाले. काकांना त्यांनी आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मी डोळ्यांवर जाड पट्टी बांधून आत गेले. यंत्राची धडधड सुरू झाली. मला दिसला तो नुसता अंधार. खरं सांगायचं तर, थोडी डुलकीच लागली.

बाहेर आले तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पट्टी काढली होतीस?"

"नाही. का?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. टोक उतरत, चढत, पुन्हा उतरत गेलं होतं, दर वेळी आधीपेक्षा खोल. "शेवटच्या मोजमापात ते खाली गेलं आणि खालीच राहिलं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे ती अगदी जवळ आली असणार," काका खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या आवाजात हेवा होता.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरने सगळं यंत्र तपासलं. फॉस्फेटच्या द्रावणाची बाटली ठेवून पाहिली, आलेख हलला नाही. बिघाड सापडला नाही. आमची दोघांची मोजमापं डॉक्टरांनी अभ्यासातून वगळली आणि त्यावर बोलणंही सोडलं. काका मात्र अजून विचारतात, परत कधी नेतेस. मी म्हणते, यंत्र बंद आहे.

यंत्र चालूच असतं. मी रोज माणसं आत झोपवते. त्यांच्या पायांवर चादर घालताना मात्र पायाशी उभी राहत नाही. बाजूने वाकून घालते, आणि ती जागा मोकळी सोडते.