डोणगावचं पत्र

देऊळगाव राजाच्या जनकाताईंना तालुक्यात ओळखत नाही असा माणूस विरळा. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना पोटगी मिळवून द्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं, त्याला आता, सत्त्याऐंशी सालात, बारा वर्षं होत आली होती. ठाण्यातला जमादारसुद्धा त्यांना बघून टोपी नीट करी. सरकारी दवाखान्यातल्या नर्स आशाबाई त्यांच्याच घरी राहत. लोक म्हणत, सख्ख्या बहिणी राहायच्या नाहीत अशा राहतात. जनकाताई हसून मान डोलवत. कुणालाही न भिणारी ही बाई त्या एका गोष्टीपाशी आली की हसण्यावर न्यायची.

त्या पौषात डोणगावहून पत्र आलं. तिथल्या सोजराची पोटगी ताईंनीच मिळवून दिली होती. सोजरा आता पुष्पा नावाच्या मैत्रिणीसोबत राहून शिवणकाम करत होती. पत्र पुष्पाचं होतं.

‘ताई, आमी दोघी एकमेकीच्याच हाओत. लग्न लागलं असंच आमी धरून चालतो. रेशनकार्डावर दोघीचं नाव एका घरात लागते का, तेवढं कळवा. अन् हे कोनाले सांगू नका.’

ताई त्या दिवशी धड जेवल्या नाहीत. चौदा वर्षं आशाबाईंसोबत संसार करून जे त्यांनी स्वतःशीही मोठ्यानं म्हटलं नव्हतं, ते सातवी शिकलेल्या पोरीनं शाईनं लिहून धाडलं होतं.

मार्चमध्ये बुलढाण्याला बायकांचा मेळावा भरला. ताई दारूवर बोलल्या, हुंड्यावर बोलल्या. मग बायकांनी बायकांवर जीव लावला तर त्यांनाही मानानं जगता आलं पाहिजे, असं त्या पहिल्यांदाच बोलून गेल्या. मंडप चिडीचूप झाला. त्या शांततेची त्यांना जणू नशा चढली. पिशवीतून पत्र काढून त्यांनी वाचून दाखवलं. नावं तेवढी गाळली. पण ओघात डोणगाव तोंडून निघून गेलं. दोघी मिळून एकाच मशीनवर शिवतात, हेही निघून गेलं.

आज आपण मोठं धाडस केलं, अशा समाधानात त्या घरी परतल्या. तिसऱ्या दिवशी एका छोट्या वर्तमानपत्रानं सगळं छापलं.

आठवडाभरात सोजराचा भाऊ हिंमतराव चार माणसं घेऊन डोणगावात आला आणि तिला जीपमध्ये घालून घेऊन गेला. अक्षय्यतृतीयेच्या आत जालन्याकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न उरकलंही. ताईंना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

त्या एसटीनं डोणगावला गेल्या. पुष्पा एकटीच मशीनवर होती. ती उठली नाही.

“माझं चुकलं, पुष्पा. पण नाव नव्हतं घेतलं मी,” ताई म्हणाल्या आणि म्हणता म्हणताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

“नाव नाई घेतलं. गाव काऊन घेतलं? मशीन काऊन सांगतली?” पुष्पानं सुईखालून कापड सोडवलं. “अन् तुमाले सांगाचंच होतं, तं तुमचं सांगाचं होतं. तुमचं अन् आशाबाईचं. आमाले का दिसत नाई?”

ताई उंबऱ्यापाशीच बसून राहिल्या. थोड्या वेळानं पुष्पा मशीन बंद करून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

घरी येऊन त्यांनी आशाबाईंना सगळं सांगितलं आणि विचारलं, “मी आता सगळ्यांसमोर बोलू का?”

आशाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “तुझं बोल. माझं नाव घेऊ नको. मला नोकरी आहे, म्हातारी आई आहे.”

“नाही घेणार.”

“बुलढाण्याला पण असंच म्हणाली असशील ना मनातल्या मनात?”

हा शब्द ताईंना बाणासारखा लागला, पण खोटा नव्हता. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांनी दोन वाक्यं सांगितली, फक्त स्वतःची. अध्यक्षा अन्नपूर्णाबाई उठून गेल्या, मागोमाग निम्म्या बायका. पोटगीच्या केसेस घेऊन येणाऱ्यांची रांग आटली. ताईंना त्याचं वाईट वाटलं, पण विचित्र असं हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीही त्यांना टोचणी लागली. सोजरा परक्याच्या घरात चूल फुंकत असताना आपल्याला कसलं हलकं वाटतंय!

दिवाळीनंतर पुष्पा दारात उभी राहिली.

“सोजराले पाह्यले चाल्ली. तिथं मारझोड झाली तं पोलिसात कोनी वयखीचं पायजे. चाला. पन तुमी बोलू नका.”

सोजराच्या सासरच्या गावच्या फाट्यावर ताई बाभळीखाली थांबल्या. पुष्पा एकटीच आत गेली. दोन तासांनी परतली तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता.

“बरी हाय. मारत नाई. त्याची दोन वर्साची पोरगी हाय, ते सोजराले सोडत नाई. सोजरा मने, इले टाकून कशी येऊ?”

“मी कोर्टात...”

“बोलू नका मनलं ना.”

जालन्याहून येणारी गाडी आली. पुष्पा खिडकीजवळ बसली. ताई तिच्या शेजारी बसल्या. पुष्पानं त्यांना उठा म्हटलं नाही, एवढंच.