कानवाल्या बाईंची दुरुस्ती

कचेरीत सगळे त्यांना कानवाल्या बाई म्हणत. कामच तसं होतं. राज्याच्या उच्च शिक्षणाची कामगिरी मोजायची म्हणून खालच्या मजल्यावरच्या मुली पदवीधरांना फोन लावत, नोकरी लागली का, शिकलात त्याच क्षेत्रात आहात का, असं विचारून फॉर्म भरत. दर दहातला एक फोन बाई वरच्या मजल्यावर रेकॉर्डिंगवर पुन्हा ऐकत, उत्तर एक आणि खूण भलतीच असं झालंय का ते बघायला. फॉर्मवर नाव नसे, नुसता क्रमांक. आठ वर्षं हेच. आता तर पोराचं काही जमलेलं नाही हे बाईंना त्याच्या 'हॅलो'वरूनच कळे.

त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र मार्गी लागला होता. रसायनशास्त्राची पदवी घेऊन दूरच्या शहरात प्रयोगशाळेत होता. लहानपणी त्याने साबणात शाई कालवून मामाच्या शर्टाची पार वाट लावली, तेव्हापासून मामाने त्याला शास्त्रज्ञबुवा करून टाकलं होतं. डबा खाताना बाई ते नाव मोठ्या तोऱ्यात घेत. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची रडगाणी ऐकणाऱ्या बाईने जरा मिरवलं, तर कुणाचं काय बिघडतं हो?

मंगळवारी दुपारी त्यांनी पुढचं रेकॉर्डिंग लावलं. पलीकडचा पोरगा "अं, म्हणजे बघा" असं म्हणाला आणि बाईंना हसूच आलं. अगदी आमच्या शास्त्रज्ञबुवांची लकब! मग तो पुढे बोलला आणि बाईंनी आवाज मोठा केला.

गोदामात आहे, तो सांगत होता. पिंपं उतरवायची, रचायची, ट्रकवर चढवायची. सव्वा वर्ष झालं. पदवीचा उपयोग होतो ना, पिंपांवरची नावं वाचता येतात. फोनवरची मुलगी हसली, तोही हसला. शेवटी तिने छापील प्रश्न विचारला, आणखी काही सांगायचंय का?

"घरच्या नंबरवर तेवढा फोन करू नका," तो म्हणाला. "आईला वाटतं मी प्रयोगशाळेत आहे."

बाईंनी ते तीनदा ऐकलं. शंका पहिल्याच वेळी फिटली होती. पण मधे तो दोनदा खोकला होता, तो खोकला त्यांना पुन्हा ऐकायचा होता. आपण इतकं मिरवलं की पोराला खरं बोलायला जागाच उरली नाही, असं वाटून त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

मग त्यांनी फॉर्म बघितला. नोकरी आहे, शिकलेल्या क्षेत्रात आहे, अशा दोन्ही खुणा होत्या. पिंपात रसायन असतं, म्हणजे क्षेत्र तेच, हा यंदाचा नवा नियम. कागदावर तरी पोराचं भलं झालं होतं. राज्याच्या अहवालात तो शास्त्रज्ञांच्याच रांगेत बसणार होता. एक सही केली की झालं.

बाईंनी खूण खोडली आणि शेजारी 'नाही' लिहिलं.

साहेब वैतागले. माणूस वाईट नव्हता, पण गेल्या वर्षीपेक्षा आकडा खाली आला तर वरच्यांची बोलणी त्यांनाच खावी लागत. पिंपात रसायनच आहे ना बाई, असं त्यांनी समजुतीने विचारलं.

"तो पिंपं उचलतो, साहेब," बाई म्हणाल्या. "मी माझ्या कानांनी ऐकलंय."

साहेबांनी फॉर्म ठेवून घेतला. त्याचं पुढे काय झालं, ते बाईंनी विचारलं नाही.

रविवारी सकाळी नेहमीसारखा मुलाचा फोन आला. आठवडाभर बाईंनी मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. रागवायचं, मग माफी मागायची, मग घरी ये म्हणायचं. पण तो आधीच सुरू झाला होता. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलंय, तिथले साहेब खूश आहेत. खोटं बोलताना त्याचा आवाज इतका आनंदी होता की बाईंना तो मोडवेना.

"पाठ दुखते का रे?" त्यांनी विचारलं.

पलीकडे तो खोकला.

"अं, म्हणजे बघ, प्रयोगशाळेत दिवसभर उभंच राहावं लागतं ना."

"हो, लागत असेल," बाई म्हणाल्या. "गरम पाण्याने शेकत जा, बाळा."