बडीशेपेतली चवन्नी

जालन्याच्या स्टेशन रोडवरील अण्णासाहेबांच्या खानावळीत वाढप्यांना पगार नव्हता. दोन वेळचे जेवण, मागच्या अंगाला राहायला एक खोली, आणि गिऱ्हाईक उठताना बडीशेपेच्या बशीत ठेवील ती बक्षिसी. एवढ्यावर तातेरावाने अकरा वर्षे संसार चालवला होता. भोकरदन-जाफराबादकडचे उतारू गाडी गाठण्याच्या घाईत असत. पोळी गरम आणि वेळेवर आली की बशीत दहा-वीस पैसे पडत.

१९७४ च्या नोव्हेंबरात गावातल्या तेलगिरणीत नवे यंत्र बसवण्यासाठी ओकादा नावाचे जपानी अभियंते आले. अण्णासाहेबांनी तातेरावाला हॉलमधून काढून पडद्याआडच्या खोलीत, फक्त त्यांच्या एका टेबलावर नेमले.

"परदेशी साहेब हाय. एका दिवसात तुझा महिना निघंल," ते म्हणाले. तातेरावाची हॉलमधली चार टेबले दुसऱ्या वाढप्याला, ख्वाजामियाँला मिळाली.

तातेरावाने कसूर ठेवली नाही. पाणी उकळून गार केलेले, भाजीत तिखट बेताचे, घंटी वाजताच पडद्याशी हजर. साहेब जेवून उठत, कमरेत वाकून नमस्कार करत आणि जात. बशीत बडीशेप तेवढी उरे. असे तीन आठवडे गेले.

"क्या तातेराव, आज बी खाली सलामच?" ख्वाजामियाँ खिसा खुळखुळवत विचारी.

"हसा, मियाँ. पोरीच्या मॅट्रिकच्या फॉर्मची फी सोमवारी भरायची हाय. शेवटचा दिवस."

त्याने हॉलमध्ये परत घेण्याची विनंती केली. अण्णासाहेबांनी हात झटकले. "साहेब तुझ्याबिगर कुणाला आत येऊ देत न्हाई. इतकं झकास वाढायला तुला कुणी सांगितल्तं?" मुद्दाम आमटी सांडावी, असेही तातेरावाच्या मनात येऊन गेले, पण काम गेले की खोलीही जाणार होती, आणि परीक्षा तोंडावर होती.

शुक्रवारी त्याने वाढप्यांची जुनी युक्ती केली. बशीत स्वतःची चवन्नी ठेवली, म्हणजे गिऱ्हाइकाला रीत आपोआप कळते. साहेबांनी चवन्नी पाहिली, उचलली, रुमालाने पुसली आणि थेट भरल्या हॉलमध्ये येऊन दोन्ही हातांनी तातेरावाला परत केली. वर वाकून नमस्कार. सगळा हॉल हसला.

शनिवारी गिरणीचा फिटर पुंजाराम साहेबांबरोबर जेवायला आला. त्याला इंग्रजी येत असे. तातेरावाने लाज गिळून त्याला सारे सांगितले. पुंजारामने ते साहेबांच्या कानी घातले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. ते बराच वेळ बोलले. अण्णासाहेबही पडद्याशी येऊन उभे राहिले.

"साहेब म्हणतात," पुंजाराम सांगू लागला, "त्यांच्या मुलखात हातावर पैसे टेकवणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. वाढण्याचं मोल थाळीच्या किमतीतच धरलेलं असतं. तातेरावांना ते कधी कमी लेखणार न्हाईत. मालकांनी थाळीची किंमत वाढवावी."

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. "बिलकुल बराबर! उद्यापासून थाळीला दीड रुपया जास्त."

"मंग त्यो दीड रुपया माझा ना, मालक?"

"थाळीचा पैसा गल्ल्याचा, तातेराव. गल्ल्यातून वाढप्याला द्यायची आपल्यात रीत हाय का?"

तशी रीत नव्हती. जी होती, ती साहेबांना मान्य नव्हती.

"आणि खुशखबर," पुंजाराम म्हणाला, "साहेबांचं काम सहा महिने वाढलं. जेवण इथंच, आणि वाढायला तुमीच पायजे म्हणतात."

साहेबांनी समाधानाने मान हलवली. बशीत तातेरावाने आजही चवन्नी ठेवली होती. तिच्याकडे लक्ष जाताच त्यांनी ती उचलली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तातेरावाने घेतली.

ताक आणायला तो मागे गेला. खोलीच्या उंबऱ्यावर त्याची पोर शिवकन्या फॉर्म मांडीवर घेऊन बसली होती. नाव, गाव, जन्मतारीख, सारे वळणदार अक्षरात भरून झाले होते.

"बाबा, दिले का साहेबानं?"

तातेरावाने मूठ उघडली नाही. तेवढ्यात पडद्याआडून घंटी वाजली.

"आलो, साहेब," तो म्हणाला आणि वळला.