जुन्या नावाचं समन्स

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की सुनेचं जुनं नाव माहेरी राहतं, असं मोरिवलीत सगळे धरून चालतात. बँक तसं धरत नाही. म्हणून कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन "करिष्मा हरिचंद्र वायले कुठं राहतात?" असं विचारत गल्लीत फिरला, तेव्हा अख्ख्या गल्लीनं अगदी प्रामाणिकपणे नकारार्थी माना हलवल्या. फक्त पुतळाबाईंना ते आपल्याच सुनेचं माहेरचं नाव आहे हे ठाऊक होतं. दारात वाळत घातलेले बोंबील उलटे करता करता त्या म्हणाल्या, "अशी कोनी नाय इथं. माझी सून भाविका हाय." बेलिफ घाम पुसत निघून गेला.

भाविका उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून संध्याकाळी घरी आली, तर घरात दिवाळी! नवरा भूपेश टाळी मागत होता. "बला टळली गो! करिष्माच नाय, तर केस कुनावर?"

भाविकाला हसू आलं नाही. बँकेनं केस केली ते क्रेडिट कार्ड तिचंच होतं, लग्नाआधी पगाराच्या खात्याबरोबर गळ्यात पडलेलं; लग्नानंतर बँकेत पत्ता बदलला, नाव तेच राहिलं. घासलं मात्र ते दिराच्या, अल्पेशच्या हळदीत. डीजे, मटण, सगळ्या भावकीला एकसारखे टी-शर्ट. आगऱ्यांची हळद लग्नाहून मोठी, आणि तिथं हात आखडला तर गावात नाक कापलं जातं. नाक वाचलं, पण हप्ते भरायच्या वेळी भावकीतलं कुणी फिरकलं नाही. तिनं जमेल तेवढं भरलं. मग मुलगी झाली, काम सुटलं आणि भरणंही थांबलं; कारखान्यात ती परत लागली ती आत्ता कुठं.

"मी उद्या कोर्टात जाते," ती म्हणाली.

"येडी हायस का? आ बैल मुझे मार! झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"त्या झाकलेल्या मुठीत व्याज चढतंय, ते कोण भरणार?"

दुसऱ्या दिवशी अर्धा खाडा करून ती उल्हासनगरच्या कोर्टात गेली. विचारत विचारत तिनं तोच बेलिफ गाठला. तो बिचारा चहा पीत होता. जुन्या नि नव्या ओळखपत्रांवरची दोन्ही नावं आणि लग्नाचा दाखला पाहून त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "ताई, लोक आम्हाला बघून मागच्या दारानं पळतात. समन्स शोधत आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"द्या, कुठं सही करू?" ती म्हणाली. सही तिनं जुन्या नावानंच केली.

तिथंच मोफत वकील देणाऱ्या कचेरीत तेजल मॅडमनी कागद वाचले. "तुम्ही आला नसतात तर निकाल एकतर्फी लागला असता. मग तुमचं शिलाईचे पैसे येणारं खातं त्यांनी गोठवलं असतं. आता लेखी उत्तर देऊ. तुम्ही खर्च केलात तो कबूल करायचा. हा न मागितलेला विमा आणि दंडावरचा दंड मात्र नाकबूल. ते त्यांनी सिद्ध करावं."

"आणि कबूल केलेलं हप्त्यानं देईन, हेही लिहा."

घरी आल्यावर पुतळाबाईंनी तोंड सोडलं. "गेली ना ती करिष्मा! मी येवढी हाकलली तिला. कशाला उकरून काढतेस?"

भाविका आता मात्र भडकली. "गेली म्हणजे? मेले का मी? तुमच्या पोराच्या हळदीत करिष्माचं कार्ड चाललं, आणि देणं आलं तेव्हा ती कुणीच नाही? माझ्या बापानं ठेवलेलं नाव आहे ते, आई. ते कर्जबुडवीचं म्हणून पेपरात छापून आलेलं मला चालणार नाही." मग श्वास घेऊन तिनं विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

पुतळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "यमी," त्या शेवटी म्हणाल्या. "बा होता तवर हाक मारायचा. आता कोन मारनार?" आणि पदरानं डोळे पुसत आत निघून गेल्या.

तारखेच्या दिवशी भूपेशनं कामाचं निमित्त काढलं. भाविका एकटीच रिक्षात बसली, तर मागून पुतळाबाई लुगडं सावरत आल्या आणि न विचारता तिच्या शेजारी बसल्या. कोर्टात गर्दी होती. भाविका मनातल्या मनात उत्तर घोकत होती, काय कबूल नि काय नाकबूल.

शिपायानं पुकारा केला. "करिष्मा हरिचंद्र वायले!"

इतक्या वर्षांची सवय मोडलेली. भाविकाच्या कानावरून ते नाव तसंच निघून गेलं. शिपायानं पुन्हा पुकारलं आणि न्यायाधीशांनी मान वर केली. आता गैरहजर लिहितील, एवढ्यात तिच्या बरगडीत कोपर बसलं.

"करिष्मा," पुतळाबाई म्हणाल्या, "ऊठ गो. तुला बोलवतान."

ती ताडकन उठली. "हजर आहे, साहेब," तिनं मोठ्यानं सांगितलं. "करिष्मा वायले मीच. उत्तर आणलंय."