माझ्या पोटातली मातीची कांडी

मित्रांनो, मला भेटायचं तर आधी खाली वाकावं लागेल. परभणीजवळच्या झरी गावात, एका स्वयंपाकघरातल्या सिंकखाली, केरसुणी आणि रॉकेलच्या डब्याच्या मधे मी भिंतीला धरून उभा आहे. मी एक जुना पाण्याचा फिल्टर. लोखंडाचं अंग, खाली फिरवून काढायची वाटी आणि पोटात भाजलेल्या मातीची पांढरी, पोकळ कांडी. खरं काम तिचं. पाणी तिच्या अंगातून झिरपे आणि गाळ बाहेर राही. मी नुसता तिला पोटात घेऊन उभा.

शहाऐंशी साली सूर्यभानरावांनी मला आणलं ते त्यांच्या बायकोच्या, केशरबाईंच्या हट्टापायी. केशरबाईंची धाकटी बहीण सेलूला, त्यांच्या माहेरी, हगवणीनं गेली होती. तेव्हापासून त्या पाण्याकडे संशयानंच बघत. मिस्त्रीनं भिंतीत लाकडी गुट्टे ठोकले, आट्यांवर सूत गुंडाळलं, गळू नये म्हणून सफेदा फासला आणि मला टाकीच्या नळीला जोडलं. जाताना तो केशरबाईंना म्हणाला, "ताई, दिसत न्हाई म्हणून इसरू नका ह्याला. पंधरा दिवसाला चावी बंद करा, वाटी काढा, कांडी ब्रशानं घासा. साबण लावू नका. झिजली की नवी घाला."

केशरबाई विसरल्या नाहीत. दर पंधरवड्याला त्या पदर खोचून माझ्यासमोर बसत. कांडीवरचा आडाच्या पाण्याचा पिवळा गाळ निघाला की त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान येई, चोर पकडल्याचं.

गावातले लोक मला बघायला येत. वाकून बघत आणि काहीच हलत नाही म्हणून थोडे हिरमुसत. सूर्यभानराव मग ऐटीत सांगत, की आत भाजलेली माती आहे, माठाचीच बहीण म्हणा. हे त्यांचं बोलणं ध्यानात ठेवा. माझी धार मात्र बारीक. केशरबाईंच्या सासूबाई पार्वतीबाई हंडा लावून बसत आणि कुरकुरत, "हंडा भरस्तोवर भाकरी करपायलीत. अन् म्हणं यंत्र."

पुढच्या वर्षी केशरबाईंना दिवस गेले. सातव्या महिन्यात त्या माहेरी गेल्या आणि भाद्रपदात इकडे त्यांचे सासरे किशनराव वारले. घरात सुतक आलं. दहाव्याला घर सारवून झालं, धातूची भांडी घासून निघाली. माती मात्र घासून शुद्ध होत नाही, ती टाकावी लागते. माठ गेला, रांजण गेला, मिठाचं मडकंही गेलं. पार्वतीबाईंचं कपाळ तेव्हा नुकतंच मोकळं झालेलं. काही चुकू नये, गेलेल्या माणसाला काही अडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांना लेकाचं बोलणं आठवलं.

"सूर्यभान, त्या फिल्टरात बी मातीच हाय ना रं?"

सूर्यभानराव पाना घेऊन खाली बसले. बाजारच्या दिवशी नवी आणतो, असं म्हणत त्यांनी कांडी काढली, फुटक्या माठाच्या टोपल्यात ठेवली आणि रिकामी वाटी पुन्हा घट्ट फिरवली.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी कीर्ती वाढली. अडवायला आत कुणी नव्हतंच, म्हणून पाणी धो धो येऊ लागलं. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी तांबेच्या तांबे रिचवले. शेजारच्या लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आता कसं पाणी पाण्यावानी यायलंय." तोवर पार्वतीबाई जुन्या सवयीनं हंड्याच्या तोंडाला लुगड्याचा दुपदरी तुकडा बांधत. फिल्टर असताना फडकं कशाला, असं येणारे-जाणारे म्हणू लागले आणि तोही गेला. उभ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक झालं नव्हतं आणि मी इतका पोकळही कधी नव्हतो.

बाजारचे दिवस आले आणि गेले. कापूस वेचणीला आला, मग ज्वारी आली. कांडी राहिलीच.

चैत्रात केशरबाई सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन परतल्या. आड तळाला गेला होता. त्यांनी नळ सोडला, धार बघितली आणि थबकल्या.

"एवढा जोर कसा?"

सूर्यभानराव चहा पीत होते. उद्याच परभणीला जाऊन आणू, असं त्यांनी मनात ठरवलंही असेल. पण तोंडातून निघालं, "नवी बसवलीय. नव्याचा जोर हाय."

केशरबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चमचा भरला आणि लेकीच्या ओठाला लावला. मला तोंड असतं तर!

चौथ्या दिवशी पोरीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. जीपगाडीनं तिला परभणीला नेलं. परत आल्या तेव्हा केशरबाईंच्या हातात नुसती दुपट्याची घडी होती. पाण्यानंच झालं की आणखी कशानं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्या सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या, चावी बंद केली आणि वाटी काढली.

"ह्यात काहीच न्हाई," त्या म्हणाल्या. अगदी हळू.

सूर्यभानराव दारातच उभे राहिले. बोलल्या त्या पार्वतीबाई. "मीच टाकायला लावली, माय. सुतकाची म्हणून." लेकाच्या खोट्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. केशरबाईंनीही काढला नाही. तो न काढलेला शब्द त्या घरात कायमचाच राहिला.

सात महिन्यांत न मिळालेली कांडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली. माझं पोट पुन्हा भरलं, पण केशरबाईंनी माझा नळ परत सोडला नाही. पुढे मुलगा झाला. तो उकळलेल्या पाण्यावर वाढला.

माझ्याकडे यायच्या त्या पार्वतीबाई. दर अमावास्येला आणि पुनवेला, गुडघे धरत खाली बसायच्या, कांडी काढून घासायच्या, परत बसवायच्या. मग एक तांब्या भरून एकट्याच प्यायच्या. धार बारीक असायची. आता त्या कुरकुरत नसत. सहा वर्षांत कांडी झिजून बोटाएवढी झाली. खरं तर बदलायला हवी होती, पण बदलू म्हणायचं कुणी?

गेल्या माघात पार्वतीबाई गेल्या. दहाव्याला पुन्हा माठ निघाला, रांजण निघाला. लक्ष्मीबाईंनी सिंकखाली बोट दाखवलं आणि सूर्यभानराव सवयीनं पाना घेऊन आले.

केशरबाई मधे आल्या. "ती ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तिच्यावर आत्याबाईचा हात हाय."

कांडी राहिली. पण त्यानंतर तिला कुणी घासलेलं नाही. ती माझ्या पोटात कोरडी पडून आहे आणि अंधारात आम्ही दोघं एकमेकांना धरून आहोत.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल, दिसणार नाही असा, कोपऱ्यातला. त्याची धार बघून त्याला शाबासकी देऊ नका. खाली वाका, वाटी काढा. आत काही आहे का, ते तुमच्या डोळ्यांनी बघा. आणि नसेल तर तसं सांगा, त्याच दिवशी.